सुनीताचं मी सांगितलं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

रात्रभर झोप नाही. पिहू शांत झोपली होती, तिचं काही नाही. मीच. सुनीताने मला जे सांगितलं ते मी काल प्रॉडक्शनच्या साहेबांना सांगून आली.

सुनीता बिस्किटांच्या पॅकिंगला लाइन लीडर आहे. तिला दिवस गेलेत. फॅक्टरीत कोणालाच बोलली नाही, कारण नवीन लाइनची इन्चार्ज तिलाच करणार होते. माझ्यासमोर बसून रडली. "दीदी, पहले ऑर्डर हाथ में आ जाए, फिर खुद बता दूँगी. आप किसी से कहना मत."

मी म्हटलं, नाही सांगणार.

मनात वाईट नव्हतं. साहेब जिन्यात भेटले, म्हणाले कैसा चल रहा है लेडीज का. मी म्हटलं, सुनीताला जरा बसायचं काम द्या, तिसरा महिना आहे. मी इन्चार्ज होती तेव्हा हेच तर करायची. कोणाला दिवस गेले की मी साहेबांना सांगायची, तिला ओव्हनपासून हटवून मोजणीला बसवायची. बायका दुवा द्यायच्या. तेच तोंडातून निघालं.

साहेब म्हणाले, "अच्छा किया बता दिया." तेव्हा बरं वाटलं. घरी येऊन तांदूळ धुवायला घेतले आणि हात थांबला. आता मी इन्चार्ज कुठे आहे?

बुधवार, ५

कोणाला सांगू? मेघना मॅडमना सांगायला पाहिजे. तोंड होत नाही.

मॅ. आधी ह्याच फॅक्टरीच्या सगळ्यात मोठ्या होत्या. ती खुर्ची सोडली, आता साहेब लोकांना कोचिंग करतात. मीही तेच करते, बायकांचं. शिकवणी नाही. सासूबाई मात्र अख्ख्या छावनी मोहल्ल्यात सांगतात, आमची सून कोचिंगमध्ये शिकवते. दहावी नापास सून! समोरच्याला बसवायचं, विचारायचं, ऐकायचं, बस. पिहू झाल्यावर मला रात्रपाळी जमेना, मीही पोस्ट सोडली. तेव्हा मॅ. म्हणाल्या, "साहेबांना मी बघते, लाइन लीडर बायकांना तू बघ. माझ्यासमोर त्या उठून उभ्याच राहतात गं, बसतच नाहीत."

शिकवलं एवढंच. हुकूम द्यायचा नाही. खोलीतलं खोलीत. म्हणाल्या होत्या, साहेबपणाची सवय सुटता सुटत नाही, मलाही फार जड गेलं. मी मनात हसली होती. माझं कसलं साहेबपण!

दादा तेव्हा चिडला होता. माझा सख्खा भाऊ, फॅक्टरीची अँब्युलन्स चालवतो, मला लाइनवर त्यानेच लावलं. "खुर्ची सोडून लोकांचं रडणं ऐकायला चालली? पागल आहेस का छोटी?"

गुरुवार, ६

नोटीस लागली. नवीन लाइनला सुनीता नाही. दुसरीच कोणी. सुनीताला म्हणे हाजरी कम है. तिची हाजरी कम! तापातसुद्धा येते ती.

मी कँटीनच्या मागच्या दाराने निघाली, ती दिसू नये म्हणून. चोरासारखी.

शुक्रवार, ७

सु. आलीच. खोलीत. दार लावून घेतलं. मला वाटलं आता माझी गचांडी धरते.

पण ती माझ्यावर नाही, दादावर उखडली होती. मागच्या महिन्यात ती लाइनवर चक्कर येऊन पडली, तेव्हा दादाच तिला गाडीतून डिस्पेन्सरीत घेऊन गेला होता. त्याच्यासमोरच तिथल्या नर्सने तिला विचारलं होतं, दिवस गेलेत का. "बस आपके भैया को पता था. और किसी को नहीं. चाय पीते-पीते बक दिया होगा साहब के सामने." मग माझा हात धरला. "आपसे शिकायत नहीं दीदी. आपके पेट से बात नहीं निकलती, इतना तो मैं जानती हूँ."

आणि मी काय केलं? शिकवलंय तसं विचारलं. "अब तुम क्या करना चाहती हो?"

ह्याच तोंडाने. तिच्या डोळ्यात बघून. ती विचार करून म्हणाली, "लिख के शिकायत दूँगी भैया की." मी मान हलवली.

घरी आल्यावर पिहू गळ्यात पडली तर तिलाही जवळ घ्यावंसं वाटेना. असं वाटलं हिला काही लागेल माझं.

शनिवार, ८

दादाचा फोन. सु.ने तक्रार दिली, सोमवारी सकाळी ऑफिसात बोलावलंय, तिच्यासमोर. कदाचित काढून टाकतील. आवाज एकदम साधा, जसा पंक्चर झालं सांगतो तसा.

"मी नाही बोललो गं छोटी. तुला तरी खरं वाटतं न?"

"हो दादा."

"जाऊ दे. म्हणून देतो मीच बोललो, गलतीने निघालं. माफी मागतो. पोटुशी बाई आहे, किती दिवस जळत बसेल."

मला म्हणायचं होतं दादा नको, दादा मी

नाही निघालं. तोच म्हणाला, "घाबरू नको तू." मी तर काही बोललीच नव्हती. मग घाबरू नको का म्हणाला? त्याला कळलंय का? कळलं असेल तर तो माझ्यासाठी कबूल करेल आणि मी ऐकत बसली असेन.

ह्यांना सांगितलं. जेवत होते, ताटातून मान वर नाही केली. "तुला कोणी विचारलं आहे का? मग चुप बस. दादा मर्द माणूस आहे, निभावून नेईल. तुझं नाव आलं तर कोण बाई बसणार आहे तुझ्यासमोर?" वाईट नाहीत हे, नया बाजारात दिवसभर दुकानात उभे राहतात, घरात भांडण नको असतं. आणि म्हणतात ते खोटं पण नाही. कोणी नाही बसणार. बसू पण नये.

रविवार, ९

पिहूला कडेवर घेऊन मॅ.च्या घरी गेली. सगळं सांगितलं. दादाचं पण. मॅ.नी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आता तुला काय करायचंय?"

इतका राग आला! दोन थोबाडीत द्यायच्या, शिव्या द्यायच्या, काहीही. हे काय, काय करायचंय! मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही सांगा न. तुम्ही तर सगळ्यांच्या वर होत्या."

"होते. तेव्हा एका फोनमध्ये मिटवलं असतं. तुझ्या भावाला दुसरीकडे टाकलं असतं, सुनीताला समजावून गप्प केलं असतं, आणि स्वतःला फार हुशार समजले असते." मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी नाही बोलणार. आणि हे काम मी तुला परत देऊ शकत नाही. हे आज, तोंडावर सांगते."

मी हो म्हटलं. पिहू त्यांची चप्पल ओढत होती. त्यांनी तिला उचलून घेतलं, पाणी पाजलं. मला तेव्हा रडू आलं. काम गेलं म्हणून नाही. मी सु.ला एक वाक्य तोंडावर सांगू नाही शकली, मॅ.नी मला सांगितलं.

सोमवार, १०, सकाळी

हे दुकानात गेले. पिहूला खिचडी भरवली. फोन लावला दादाला. "हां बोल छोटी." मी म्हटलं, पिहू मामाला विचारून राहिली होती. तो हसला. "दे तिला." तिने मामा मामा केलं. फोन ठेवला. पुन्हा लावला, वाजायच्या आधीच काटला.

सासूबाईंना म्हटलं, फॅक्टरीत काम आहे, दुपारी येते. नवीन साडी का नाही नेसली म्हणाल्या.

आता बसने निघते. ऑफिसात सुनीता असेल, साहेब असतील, दादा असेल. सुनीताकडे बघून बोलायचं, साहेबांकडे नाही. हिंदीत कसं म्हणायचं ते भांडी घासता घासता जमवत होती. "सुनीता, वो मैंने बताया था." एवढंच आहे. पण उशीर झाला तर? बस मालनपूरच्या आधी, फॅक्टरीच्या अलीकडेच, नेहमी अडकते. मी पोचायच्या आधी त्याने सही केली तर? आणि पोचून परत तोंड बंद पडलं तर? माझं काही खरं नाही, मी स्वतःला आता ओळखते.

फोन घरीच ठेवून चालली आहे. जवळ असला तर दादा म्हणेल नको येऊ, आणि मी ऐकून घेईन. हे मला पक्कं माहीत आहे.

ही डायरी उघडी ठेवली आहे, वर फोन. लॉक नाही. जो कोणी आधी वाचेल, तुम्ही असा किंवा तुमच्या आई शेजारच्या कोणाकडून वाचून घेतील, मला जे म्हणायचं ते नंतर म्हणा. आधी माझ्या दादाला फोन करा. 'दादा' नावानेच नंबर आहे. त्याला सांगा, काही कबूल करू नको, कुठे सही करू नको. सुनीताचं छोटीने सांगितलं. लगेच करा.