उडवलेल्या दोन ओळी

४ मार्च
पान भरलं एकदाचं! जगातलं आठवडाभराचं नवल, साडेसहाशे शब्दांत. एक यंत्र अकरा मिनिटांत शर्टाची घडी घालतं. आमच्याकडे तो खुर्चीवर भिरकावतात, दोन सेकंदांत. एका कलादालनात लोक तीन दिवस भिंतीवरच्या ओलीचा डाग रांग लावून बघत होते. आणि डोळ्यांत घालायचे थेंब – काचबिंदूने सुकलेली नस पुन्हा जागी करणारे!
दोन ओळी जास्त झाल्या. पान लावणारा ओरडला, "बाई, काहीतरी उडवा लवकर!" थेंबांच्या बातमीचं शेपूट उडवलं.

१० मार्च
वहिनीचा फोन. दादाने काचबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं! "तुमच्या थेंबांची वाट बघणार म्हणतात. कात्रण खिशात घेऊन हिंडतायत. वन्सं, खरंच येणार का हो ते?" एरवी ताई म्हणते. आज वन्सं!
"बघते," म्हटलं. काय बघणार, डोंबल?

११ मार्च
उडवलेलं शेपूट शोधलं. 'हे प्रयोग सध्या केवळ उंदरांवर झाले असून माणसांसाठी औषध यायला किमान दहा वर्षे लागतील.'
दहा वर्षं! डॉक्टरांनी दादाला ऑपरेशनसाठी महिना दिलाय. गेलेली नजर परत येत नाही, असं बजावलंय.

१२ मार्च
संपादकसाहेबांना सांगितलं. "खुलासा छापू, पान सात, खाली. पण छापलंय त्यात चूक काय आहे?"
चूक काहीच नाही. शब्द न् शब्द बरोबर. तरी माणूस फसला. हे कसं होतं? वीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्धवट बातम्यांची टर उडवली मी.

१३ मार्च
फोन उचलला. ठेवला. माझं लिहिलेलं सगळं खरं मानणारा एकच वाचक आहे, तो दादा. सांगावं तर तोही जाणार. न सांगावं तर त्याचे डोळे. आणि मी अजून विचारच करतेय! कसली बहीण म्हणायची ही?

१४ मार्च
दादाकडे गेले. वहिनी बाजारात होती. एका दमात सगळं ओकले.
दादा म्हणाला, "ठाऊक आहे गं. कात्रण दाखवलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं. मला त्या टेबलावर आडवं व्हायची भीती वाटते. हिला कसं सांगू? तुझं नाव पुढे केलं." मग माझी बाही चाचपून धरली. "नवी तारीख घ्यायला तू चल. आणि जरा जवळून चाल. पायऱ्या दिसत नाहीत आता."