सुपारीच्या आधी बर्फाचा गॉगल

सोम., २ डिसें.
बर्फाचे गॉगल, तीन नग. हैदराबादच्या ठोकवाल्याचं बिल एकेचाळीसशे. कुरिअर अडीचशे. दुपारी मोटारसायकलचं हेल्मेट घालून, वरून गॉगल चढवून दुकानातल्या आरशापुढं उभा होतो. एक गिऱ्हाईक दारातूनच मागं फिरलं. बाराशेची फ्रेम गेली धरून चाला. म्हणजे साडेपाच हजारांच्या वर खर्चा, तोही अजून जावई न झालेल्या माणसापायी.

प्रणिताचाच हट्ट. पुण्याहून फोन, "पप्पा, सुयश जानेवारीत गुलमर्गला चाललाय, स्नोबोर्डिंग शिकायला. आपलं चष्म्याचं दुकान असताना त्यानं गॉगल बाहेरून का घ्यायचा?" पायाला फळी बांधून बर्फावरून घसरायचं, त्याला म्हणे क्लास लागतो. ते असो. पण "त्यानं" म्हणताना पोरीचा आवाज जरा मऊ झाला. कान शाबूत आहेत माझे. सुपारी पंधरा तारखेला, आपल्याच घरी. तोवर मी हो म्हटलेलं नाही.

सुनंदा डबा घेऊन आली. मला हेल्मेटात बघून म्हणे, "फवारणीला निघालात का?"

गुरु., ५ डिसें.
दोन दिवस मोबाइलवर बघून गॉगल शिकलो. काच किती भारी याला नंतर महत्त्व. आधी तोंड. फोम कपाळापासून गालापर्यंत सगळीकडं टेकला पाहिजे. नाकापाशी फट नको, पण नाक दाबायलाही नको. हेल्मेट आणि गॉगल यांच्यामध्ये कपाळ उघडं नको. तोंडातोंडाचं माप वेगळं. हे तर मी तीस वर्षं सांगून राह्यलो गिऱ्हाइकांना.

रात्री भास्करचा जाफराबादहून फोन. सुनंदाचा मावसभाऊ, स्थळ त्यानंच आणलंय. "दाजी, पोरगं एक नंबर. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, चष्मा न्हाई."
चष्म्याचं मी विचारलंच नव्हतं.
म्हटलं, "आमच्या पोरीलाबी न्हाई. माझा जवळचा सोडला तर चष्मेवाल्याच्या घरात चष्मा न्हाई बघ." परतूरच्या फलाटावर गळ्यात ट्रे अडकवून गॉगल विकत होतो तेव्हापासूनची नजर आहे. नंबरवाला डोळा मला रस्त्याच्या पलीकडून कळतो.
पण न विचारता कशाला सांगितलं त्यानं?

रवि., ८ डिसें.
सुयश जालन्याहून सकाळच्या गाडीनं आला. पाया पडला. बोलायला गोड. जरा जास्तच गोड.

तिन्ही गॉगल लावून बघितले. पट्टा मोकळा सोडायचा, गॉगल तोंडावर हलका दाबायचा, हात काढायचा. लहान लगेच सुटला. मधला टिकला, घटकाभर तसाच. फोम बराबर बसला, नाकापाशी कागद जाईना. "नाकानं श्वास घे." घेतला, मोकळा. हेल्मेट चढवलं, वरती रेघसुद्धा उघडी नाही. त्याच्याच तोंडासाठी ओतल्यासारखा.
"हाच घे."
"काका, मोठा बघू का?"
मोठ्यात नाकाच्या दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी फट. म्हटलं, "इथनं वारं शिरंल. डोळ्यांतून धारा लागतील. पडशील."
"नाही, पण मोठाच बरा वाटतोय."
कुठं बरा वाटतोय? तोंडावर हलून राह्यला तो!
समोरच्या खताच्या दुकानाची पाटी वाच म्हटलं. म्हणे, "पुण्यात राहून मराठी पाट्यांची सवयच गेली काका." पाच वर्षांत बाराखडी विसरला?

मग म्हणाला, "उन्हात बघून येतो," आणि मोठा गॉगल घेऊन मागच्या अंगणात. मी गल्ल्यावर बसून. दाराआडून आवाज आला. टक्. चष्म्याच्या डबीचा. हा आवाज मला झोपेतही कळतो. परत आला तो गॉगल लावूनच. वरून काच आरशासारखी, आतलं काही दिसेना. उभ्या उभ्या पाटी वाचली. खताची नावं, मालकाचं नाव, खाली बारीक अक्षरात "उधारी बंद आहे" तेसुद्धा.

गेला मोठा घेऊन. जाताना परत पाया पडला.

सोम., ९ डिसें.
दुकान उघडल्याबरोबर ठोकवाल्याला फोन केला. मोठ्याच्या फोमला दोन्ही कानशिलांपाशी खाच आहे, ती कशाची? म्हणे, चष्म्याच्या काड्या जायला. चष्मा लावून वरून घालायचाच गॉगल आहे तो. माझा जवळचा चष्मा लावून मधला घालून बघितला, काड्या कानशिलात रुतल्या.
म्हणजे पोराला नंबर आहे. आणि चांगला असणार, पाटी दिसली नाही म्हणजे.

सुनंदाला सांगितलं. म्हणे, "मंग असू द्या की. आपलं घर कशावर चाललं?"
"चष्म्याचं काही न्हाई गं. लपवलं ना. डोळे लपवले, उद्या आणखी काय काय निघंल? जमीन? नोकरी? आधी कुठं जमलेलं मोडलेलं?"
"लोकं सांगतात थोडं इकडंतिकडं. सगळेच."
"आपण न्हाई सांगत."
सु. कोथिंबीर निवडायला बसली. तिचं असं गप्प बसणं मला आवडलं नाही.

गुरु., १२ डिसें.
पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आलो. सुयशच्या घराण्याचं मूळ गाव. देवीचं दर्शन घेतलं, मग चहाच्या टपरीवर बसलो. आपण सोयाबीनचा भाव काढायचा, लोक आपोआप घराण्यांवर येतात.
जमीन सांगितली तेवढी आहे. आजोबांचा शब्द गावात चालायचा. बाप सरळ. पोराची नोकरी खरी. कुठं सोयरीक मोडलेली नाही. खोट म्हणून सापडेना, त्यानं उलट शंका वाढली.
उठताना सहज म्हटलं, "धाकटा सुयश कसाय?"
टपरीवाला हसला. "कोण, ढापण्या? चौथीपासून डोळ्यावर भिंगं. लई गुणाचं लेकरू."
अख्ख्या गावाला माहीत. एका चष्मेवाल्यापासूनच लपवलं.

शनि., १४ डिसें.
प्रणिता संध्याकाळी आली. जेवण होऊ दिलं, मग म्हटलं, "उद्या मी सुपारी फोडू देत न्हाई. पोरगं खोटं बोललं."
सगळं सांगितलं. खाच, डबी, टपरी. ती हसायला लागली. मग थांबली.
"पप्पा, मला पहिल्या भेटीतच माहीत होतं. तो चष्मा लावूनच आल्ता. उणे पाच आहे. भास्करमामांनीच भरवलं त्याला. सासरा चष्मेवाला आहे, नंबर बघून नाक मुरडील, त्याच्यापुढं काढून जा म्हणून. गेल्या रविवारपासून त्याला झोप नाही. तुम्ही फट दाखवून राह्यलात आणि त्याला हो म्हणता येईना."
"आणि तुला माहीत असून तू गप?"
आईकडं बघितलं तिनं. आई टीव्हीकडं. टीव्ही बंद होता.

भास्करला फोन लावला. उचलला नाही. उचलंल कसा.

रवि., १५ डिसें.
पहाटेच जाग. विचार करून राह्यलो. पोरगं भित्रं म्हणावं की आज्ञाधारक? उद्या कोणी दुसरा काही भरवील, तेही ऐकेल का?
सातला त्याचाच फोन. "काका, प्रणितानं सांगितलं. चुकलं माझं. मामांचं ऐकायला नको होतं. आज चष्मा लावूनच येतो. तुम्ही नाही म्हणालात तरी येतो, समोर बसून ऐकतो." आणि मग, "काका, ती नाकाची फट... काही करता येईल का?"
म्हटलं, फोमची पट्टी चिकटवता येते. गॉगल घेऊन ये. एवढंच म्हटलं. सुपारीचं बोललो नाही, त्यानंही विचारलं नाही.

चारला माणसं येणार. सु.नं पाट मांडला, सुपारी धुऊन ठेवली. दोनदा विचारून गेली, "काय ठरवलंत?" बघू म्हटलं.

आत्ता तोंड धुवायला गेलो तर बेसिनपाशी प्रणिता. बोटाच्या टोकावर काचेच्या थेंबाएवढं काहीतरी, दुसऱ्या हातानं पापणी ओढून धरलेली. मला बघून तशीच राहिली.
"कधीपासून?"
"दोन वर्षं झाली."
लेन्स. मायनस पावणेदोन. दोन्ही डोळे.