अर्धवट पत्र जपून ठेवणे

१९ नोव्हेंबर

चि. खारू,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे, त्याच्याबद्दल नवीन लिहिण्यासारखं काही नाही. तुझा खोकला थांबला का? खिडकीच्या फटीतून वारा येतो म्हणाली होतीस, तिथे जुन्या टॉवेलची घडी दाबून बसव. घरमालकाच्या दुरुस्तीची वाट बघत बसू नकोस.

तू म्हणशील, आई लोकांना ईमेल कसा पाठवायचा ते शिकवते आणि पोटच्या मुलीला कागदावर लिहिते. ईमेल लगेच पोचला असता. मला हे लगेच पोचायला नको होतं. तू यायच्या आधी पोचलं म्हणजे झालं.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बाबांच्या संगणकाला हात लावू नकोस. मी आले की तो घेऊन जाईन. त्यांच्या मसुद्यांत माझ्यासाठी काही असेल तर मला वाचायचंय." मी "बरं" म्हटलं. हे पत्र त्या "बरं"बद्दल आहे. पण आधी बाकीचं सांगते.

खालच्या लाँड्रीवाल्याने नवीन यंत्र आणलंय. दिवसभर धडधडतं आणि आपल्या टेबलावरचा कप बशीत नाचतो. शेजारच्या वहिनी कालच विचारत होत्या, "तुमचं ते पुस्तक संपलं का हो?" म्हटलं, "ते संपत नसतं." तर म्हणाल्या, "मग कशाला लिहिता? आमच्या सासूबाईंचं बोलणं तसं. पण निदान त्यांना कुणी छापत नव्हतं." हसल्या, आणि मग माझ्याकडे बघितलं. हल्ली माझ्यासमोर लोक हसून झाल्यावर माफी मागितल्यासारखं तोंड करतात. मला त्यांचं वाईट वाटत नाही. कशाचंच फारसं काही वाटत नाही.

पुस्तकाचं तुला नीट माहीत नाही. बाबांचं खूळ एवढंच तू ऐकलंयस. हा ईमेलचा प्रोग्राम ठिकठिकाणचे लोक आपापल्या फावल्या वेळात बनवतात आणि सगळ्यांना फुकट देतात. त्याच्यासोबत माहितीपुस्तक असतं: पत्र कसं लिहायचं, कसं पाठवायचं, हरवलं तर कुठे शोधायचं. मूळ पुस्तक इंग्रजीत. प्रत्येक भाषेत ते आणणारी आणि सांभाळणारी माणसं वेगळी. सांभाळायचं म्हणजे, प्रोग्रामची नवीन आवृत्ती आली की बटणं इकडची तिकडे होतात, खिडक्यांचं रूप बदलतं, मग पुस्तकातली वाक्यं आणि पडद्याची चित्रं सगळी पुन्हा करायची. मराठीचं काम बाबांकडे होतं. सगळ्या भाषांवर देखरेख करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना कुणी पाहिलेलं नाही. बाबा त्यांना मुकादम म्हणायचे.

मी त्यात कशी शिरले ते सांगते. या लोकांचा एक नियम आहे: ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी कागद हातात घेऊन, लिहिलंय तेवढंच करून बघायचं. आपली अक्कल वापरायची नाही. बाबांनी मला बसवलं. माझी शाळा लवकर सुटलेली, पुढचं वाचन माझं मीच केलेलं, तेव्हा ते म्हणाले, "तू अगदी योग्य माणूस आहेस." मी म्हटलं, "म्हणजे बिनअकलेची?" "म्हणजे मन लावून वाचणारी," म्हणाले. सावरून घेण्यात हुशार होते.

तू तेव्हा अभ्यासाला दार लावून बसायचीस. बाहेर आमचं हे चालायचं:

"पुढे?"

"पुढे बटण दाबा असं लिहिलंय."

"मग दाब ना."

"कुठलं ते लिहिलेलं नाही."

"अगं, समोर दिसतंय की!"

"मला दिसतंय हो. ज्याने कागद वाचायचाय त्याला कुठे दिसतंय?"

मग ते चिडायचे, वाक्य खोडायचे, नवीन लिहायचे. संसारात आम्ही एवढं नीट कधी बोललो नाही. मराठी आणि इंग्रजी पानं शेजारी शेजारी ठेवून वाचता वाचता इंग्रजीही मला जमायला लागलं. त्या पुस्तकापुरतं. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर मला सांगता येणार नाही, पण जोडपत्र कसं जोडायचं ते सांगेन.

बाबा गेल्यावर मुकादमांचं पत्र आलं. आधी दोन ओळी दुःखाच्या, मग लिहिलं होतं की मराठीला कुणी वाली नसेल तर पुढच्या आवृत्तीत मराठी पुस्तक काढून टाकावं लागेल. मी कळवलं की मी आहे. तेव्हापासून रोज सकाळी बाबांच्या खुर्चीवर बसते. खुर्चीवरची उशी तशीच ठेवली आहे. मी बुटकी, मला ती लागतेच.

आता ते सांगते.

"खातं काढून टाकणे" या नावाचं एक प्रकरण आहे. कुणाला प्रोग्राममधून आपलं ईमेलचं खातं काढायचं असेल तर काय करावं, ते त्यात आहे. तपासणीसाठी आम्ही एक खोटं खातं केलेलं होतं. प्रत्येक वेळी तेच काढायचं आणि पुन्हा करायचं. ते यादीत सगळ्यात वर असायचं, बाबांचं त्याच्या खाली. नवीन आवृत्तीत यादीचा क्रम उलटा झाला. ते मला दिसलं नाही. दिसलं असेल तर मेंदूपर्यंत पोचलं नाही. मी सवयीने वरचं खातं निवडलं आणि कागदावर लिहिलंय तसं एकेक करत गेले.

शेवटी प्रोग्राम एक पाटी दाखवतो: "या खात्यातली सगळी पत्रं संगणकावरून कायमची पुसली जातील. पुढे जायचं का?" खारू, पुस्तकासोबत प्रोग्राममधल्या पाट्यांचं मराठीही आता माझ्याकडे आहे, आणि हे वाक्य मी लिहिलेलं आहे. माझं मराठी वाक्य पहिल्यांदा पडद्यावर आलं होतं. मी बघत होते की ते चौकटीत पूर्ण मावतंय का, शेवटचा शब्द कापला तर जात नाही ना. मावलं होतं. मला बरं वाटलं. मी "हो" दाबलं.

बाबा सगळी पत्रं याच संगणकावर उतरवून घ्यायचे, दुसरीकडे कुठे ठेवायचे नाहीत. ती सगळी गेली. मसुदेही गेले. त्यांच्या हयातीतही तो कप्पा मी कधी उघडला नव्हता. नंतर उघडणार होते, पण तुझ्यासमोर.

हे होऊन गेल्यावर तुझा फोन आला, आणि मी "बरं" म्हटलं.

संगणक दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले होते. तिथला माणूस बोलायला चांगला आहे.

"मावशी, कधी पुसलं गेलं?"

"गेल्या आठवड्यात."

"मग लगेच बंद ठेवलात ना?"

"नाही. रोज काम केलं."

त्याने बरंच काही करून बघितलं. मग म्हणाला, "त्या जागेवर दुसरं काहीतरी बसलंय, मावशी."

"काय बसलंय?"

"नंतर तुम्ही जे काही केलंत ते."

नंतर मी पुस्तकाची नवीन चित्रं केली होती.

लगेच बंद करायला हवं होतं हे मला ठाऊक नव्हतं, असं मी तुला लिहिणार होते. तसं लिहून तो कागद फाडला. कारण ते आमच्याच पुस्तकात आहे, शेवटच्या प्रकरणात: चुकून काही पुसलं गेलं तर संगणकावर दुसरं काहीही करू नका, जाणकाराला दाखवा. ते मीच तपासलं होतं. तरी त्या सकाळी मी उठले, चहा केला, कप धुतला आणि परत येऊन पुढचं प्रकरण काढलं. हात काम मागत होते. का, ते मला सांगता येत नाही. रडू आलं नाही. आजही येत नाही. तू येशील तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी दार उघडेन. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

तुझं आणि बाबांचं जेवणाच्या टेबलावर जे झालं ते मी उगाळत नाही. तू म्हणालीस, "बाबा, अख्ख्या जगाला समजावून सांगता कुठलं बटण दाबायचं ते. आम्हाला कधी काही सांगितलंत?" त्यांनी चमचा खाली ठेवला आणि उठून कामाला बसले. त्यानंतर तू दुसऱ्या गावी गेलीस आणि मी तुम्हा दोघांची टपाल कचेरी झाले. "तिला सांग, बँकेचा कागद आलाय." "त्यांना सांग, पाठवून द्या." मी विचारायचे, "तुम्हीच का नाही सांगत?" तर म्हणायचे, "लिहितोय तिला." दर वेळी हेच. मला वाटायचं, टाळतायत. तुलाही मी तसंच सांगितलं होतं, की बाबा टाळतायत.

आता आणखी एक गोष्ट.

पुस्तकात सातवं प्रकरण आहे, "अर्धवट पत्र जपून ठेवणे". पत्र पुरं झालं नसेल तर ते मसुद्यांत कसं ठेवायचं आणि नंतर परत कसं काढायचं, ते त्यात आहे. परवा मुकादमांनी कळवलं की सातव्या प्रकरणातलं चित्र दोन आवृत्त्या जुनं आहे, मागेही दोनदा सांगून झालंय, आता तरी बदला. मला आश्चर्य वाटलं. बाबा चित्रांच्या बाबतीत किती काटेकोर, तुला माहीत आहे. बाकी सगळी चित्रं त्यांनी प्रत्येक वेळी बदलली होती. फक्त हे एक बदललं नव्हतं.

म्हणून ते चित्र मोठं करून बघितलं. त्यात मसुद्यांचा कप्पा उघडलेला आहे. ज्या बटणावर बोट ठेवायचं त्याच्याभोवती लाल गोल आहे. हे प्रकरण मी तपासलेलं आहे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी मी फक्त तो गोल बघितला. खालच्या यादीत एकच पत्र आहे. चित्रासाठी खोटं केलेलं नाही. "कुणाला" असतं त्या जागी तुझं नाव आहे, घरातलं. विषय कोरा. त्याच्यापुढे पत्राची सुरुवात दिसते, जेवढी खिडकीत मावते तेवढी:

"खारू, तू म्हणालीस ते"

इथे खिडकी संपते.

पुढे काय होतं ते मला माहीत नाही. ते खरं होतं असं असेल, किंवा ते चूक होतं असं असेल. मी तुला अंदाज करून देणार नाही. जे पडद्यावर दिसतं तेवढंच लिहायचं हे मी बाबांकडून शिकले, आणि मला एवढंच दिसतं. ते लिहीत होते, एवढं मात्र खरं. टाळत नव्हते. तुला सांगितलं ते मी चुकीचं सांगितलं होतं.

चित्र कागदावर छापून घेतलं आहे, सोबत ठेवते. दुकानातल्या माणसाने छापलं. रंग जरा फिके आले आहेत, पण अक्षरं वाचता येतात. घडी अक्षरांवरून जाऊ दिली नाही.

आता काय करायचं ते तुझ्यावर आहे. मुकादमांना चित्र या महिन्याअखेर हवं आहे. नाहीतर सातवं प्रकरण चित्राशिवाय जाईल. पुस्तक वेळेवर जाईल, तेवढं मी सांभाळीन. पण जुनं चित्र एकदा काढलं की पुढच्या आवृत्तीत ते कुणाला दिसणार नाही. ठेवा म्हणून मी त्यांच्याशी भांडू शकते. भांडायचं का, ते मला ठरवता येत नाही. पत्र तुझं आहे. बाबांनी ते लोकांच्या पुस्तकात ठेवलं होतं, तुझ्यापर्यंत पाठवलं नव्हतं. तुला राग आला तर तो बरोबर आहे. माझ्यावर आला तर तोही.

एक मागते. बाबा गेल्यापासून लिहिते मी आणि तपासतेही मीच. तो नियम कशासाठी आहे ते मला आता कळलं. तू येशील तेव्हा संगणक उचलून नेण्याआधी एक सकाळ माझ्याजवळ बस. तू त्या खुर्चीवर, मी शेजारी. मी सातवं प्रकरण मोठ्याने वाचीन आणि तू लिहिलंय तेवढंच कर. माझं काही समजलं नाही तर मध्येच थांबव. बाबांसारखी चिडणार नाही, खोडून पुन्हा लिहीन.

तुझ्या खोलीत स्वच्छ चादर घातली आहे. लाँड्रीच्या यंत्राचा आवाज तिथे कमी येतो. येणार नसलीस तरी कळव. कुठूनही कळव, मला सगळ्या तऱ्हेने वाचता येतं.

हे पत्र मी पुरं केलं आहे आणि आजच पेटीत टाकते आहे.

तुझी
आई