भात किमान दोघांचा

प्रिय रोसेर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडताच केराच्या डब्यात टाकावं असं तुला वाटलं असेल. तरी उघडलंस, म्हणून आधीच सांगून टाकतो, यात मी माझ्यासाठी काहीही मागितलेलं नाही. रॉटरडॅमला तुझ्या दारात उभा होतो तेव्हा तू म्हणाली होतीस, वोरो, तू बोलायला लागलास की समोरच्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. म्हणून या वेळी लिहितोय. मध्येच थांब, खिडकी उघड, हवं तर उरलेलं उद्या वाच. मी तिथे नाही.

शेतकी कॉलेज सुटलं ते सुटलंच. तुझ्यामागे धावत आलो तेव्हा परीक्षा बुडाली. परत आल्यावर भातावरच्या किडींची नावं पाठ करायला बसलो की डोकं फिरायचं. एके दिवशी पुस्तक बाकावर तसंच उघडं टाकून उठलो आणि थेट वालेन्सियाच्या मंडईत येऊन उभा राहिलो. तिथे फिना बाई भेटली. ती परदेशी प्रवाशांना सकाळी मंडई फिरवते, दोन-चार ठिकाणी चाखवते आणि मग मागच्या गल्लीतल्या आपल्या घराच्या अंगणात संत्र्याच्या लाकडावर पाएया, आपला कढईतला भात, शिकवते. तिला इंग्रजी येणारा, लाकडं उचलणारा आणि भांडी घासायला न लाजणारा माणूस हवा होता. तिन्ही कामं मला येतात. न येणारी एकच गोष्ट, गप्प बसणं. पहिल्याच महिन्यात एका इंग्रजाने मंडईतून आणलेला लाल सॉसेज खिशातून काढला आणि पाणी उकळत असताना कढईत सोडला, पाएयात सॉसेज! मी बोटांनीच तो बाहेर काढून मांजराला घातला. बोटांना फोड आले. आणि तो शहाणा टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. फिना मला बाजूला घेऊन म्हणाली, बाळा, ते गिऱ्हाईक आहे, शत्रू नाही. तूही कधीतरी हेच म्हणाली होतीस, निराळ्या शब्दांत.

काम वाईट नाही. लोक जोडीजोडीने येतात, कांदा का घालत नाही विचारतात, एकमेकांच्या नाकाला केशराचा हात लावतात, फोटो काढतात. त्यांच्या शेकडो फोटोंत मी आहे, कोपऱ्यात, उलथणं घेऊन. कुठल्या कुठल्या देशांतल्या घरांत माझा चेहरा पडून असेल. ते गेले की मी कढईतली खरवड खरवडतो आणि उभ्या उभ्याच खातो. मग खोलीवर जातो. खोलीत खुर्ची एकच आहे. दुसरी होती, ती मी घरमालकिणीला परत दिली, उगाच समोर रिकामी दिसायची.

आता मूळ गोष्ट. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मंडईच्या दारात प्रवासी जमले होते आणि यादीतला ‘जोसेफ, एकटा’ असा कोणी यायचा राहिला होता. आले ते तुझे बाबा. लग्नकार्यात घालतात तो करडा कोट, डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात तुझा जुना कॅमेरा. मला पाहताच त्यांचं पाऊल मागे गेलं. मी मनात म्हटलं, आले, आता भर मंडईत माझी हजामत होणार, आणि माझेही हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात एका डॅनिश बाईने हसून त्यांना विचारलं, तुम्ही कुठून आलात? तुझे बाबा छाती काढून म्हणाले, “पोर्तुगाल.” जन्मभर आल्बुफेरा तळ्याच्या चिखलात भात लावणारा माणूस, सिल्ला गावचा जोसेफ, आमचा पेप काका, आमच्याच मंडईत उभा राहून पोर्तुगीज झाला. मला हसू फुटलं, रोसेर. किती दिवसांनी फुटलं ते सांगत नाही. मी मान लववून म्हटलं, या जोसेफसाहेब, स्वागत आहे.

घेवड्याच्या शेंगा मोडायला बसलो तेव्हा ते मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले आणि ओठ न हलवता म्हणाले, “गावात कोणाला बोललास तर याद राख. आणि रोसेरला तर मुळीच नाही.” मी म्हटलं, काका, तुम्हाला भात येत नाही? “मला भात पिकवता येतो. शिजवायची ती माझी बायको, कोन्सोल. लाकडं फोडा, जाळ करा आणि लांब व्हा, एवढंच माझं काम. ती गेल्यावर रोसेरने तेच चालवलं. आता कोणासाठी लांब होऊ?” मी म्हटलं, मग गावात कोणाला तरी विचारायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला लाज वाटली. आपल्याकडे रविवारचा भात बाप्यानेच करायचा, आणि पाएया न येणारा बाप्या, तोही भाताचा शेतकरी! कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत त्यांना सोडलं नसतं.

तुला ते दर रविवारी फोनवर सांगतात ना, विसेंता आत्याकडे जेवलो म्हणून? आत्या रविवारी सुनेकडे सुएकाला असते. तुझे बाबा सार्डिनचा डबा उघडतात. एकदा मात्र ते तळ्याकाठच्या खाणावळीत गेले होते. हे त्यांनी मला तिसऱ्यांदा शिकायला आले तेव्हा सांगितलं, जाळाकडे बघत. “मी म्हटलं, एक भात आण. पोरगा म्हणतो, आजोबा, भात किमान दोघांचा. मी म्हटलं, अरे, माझ्याच शेतातला असेल तो. म्हणतो, असेल की, पण दोघांचा. मग म्हटलं, राहू दे, सॅलड आण.” माझं डोकं भडकलं. मी म्हटलं, कुठली खाणावळ, नाव सांगा, उद्याच जाऊन त्याची कढई त्याच्याच डोक्यावर पालथी घालतो. काका म्हणाले, “त्याचं काय चुकलं? एकट्याचा भात नीट होतच नाही. खाली बस, जाळ सांभाळ.” मी खाली बसलो. ऐक, मी खाली बसलो!

त्या दिवशी मीच म्हटलं, आता प्रवाशांच्या रांगेत उभं राहायचं नाही, रविवारी मी तुमच्याकडे येतो. वाटलं होतं, नको म्हणतील. माझं तोंड पाहायला लागलं तर शेतातलं पाणी खराब होईल, असं म्हणणारा माणूस तो. ते म्हणाले, “येताना ससा आण. इथला खाटीक मला ओळखतो.”

म्हणजे तुझ्या घरी मी जातो, रोसेर. हे तुला आवडणार नाही, मला माहीत आहे. पण तुझ्या खोलीचं दार बंद असतं आणि मी अंगणातच बसतो. पहिल्या रविवारी त्यांनी हट्टाने तुझ्या आईची मोठी कढई भिंतीवरून उतरवली. दोघांचा भात त्या कढईत एका दाण्याइतका पातळ पसरला आणि करपून कोळसा झाला. मग आम्ही पाव खाल्ला. पुढच्या रविवारी गेलो तर मोठीच्या शेजारच्या खिळ्यावर एक छोटी कढई टांगलेली होती, नवी कोरी, पण आधीच तेल लावून ठेवलेली.

आम्ही कढईतूनच खातो, समोरासमोर बसून, लाकडी चमच्यांनी, आपापल्या बाजूने मधोमध येत. तुझी जागा मला दिली आहे, खिडकीकडे पाठ करून. पहिल्यांदा खाताना त्यांनी आपल्या बाजूचे मोठे पांढरे पावटे चमच्याने हळूच हद्दीपलीकडे, माझ्याकडे सरकवले. मग समोर पाहिलं, थबकले, आणि एकेक करून परत ओढून घेतले. असं चार-पाच रविवार झालं. हात सरकवायचा, डोळे ओढून घ्यायचे. हल्ली ओढून घेत नाहीत. मला ते पावटे अजिबात आवडत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी सगळे खातो.

शिकले मात्र. तांदूळ पडल्यावर ढवळायचं नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं. ते मलाच कळायला वेळ लागला होता. जाळ कमी-जास्त करण्यात तर ते माझ्याही पुढे गेले. खरवड धरायला लागते तो बारीक तडतडाट त्यांना माझ्याआधी ऐकू येतो. फक्त मिठात फसतात. तांदूळ टाकण्याआधी पाणी चाखायचं विसरतात.

गेल्या रविवारी विसेंता आत्या अवचित आली. दारातूनच ओरडली, “हे काय चाललंय? हा इथे काय करतोय?” काका म्हणाले, “जेवतोय. दिसत नाही?” आत्या माझ्याकडे वळली. “अरे दिवट्या, तुला काही आहे का! पोरगी सेंट जोसेफच्या दिवसाला येत नाही म्हणतेय. सुट्टी नाही म्हणे. मला फोनवर विचारते, आत्या, तो अजून गावात फिरकतो का? सुट्टी नाही म्हणे! गेल्या वर्षी याच सणात याने तिच्या बाल्कनीखाली, अख्खी गल्ली फटाके बघायला जमलेली असताना, जो तमाशा केला—” काकांनी चमचा कढईवर आपटला. “विसेंता, बस आणि खा, नाहीतर जा. भात निवतोय.” आत्या बसली नाही, गेलीच. आम्ही उरलेला भात खाल्ला. मी म्हटलं, काका, ती माझ्यामुळे येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, “खरवड घे. तुझ्या बाजूची छान झाली आहे.”

म्हणजे माहीत होतं. महिना-दीड महिना माहीत असेल. तरी दर रविवारी फाटक उघडून ठेवायचे.

आता हे पत्र कशाला ते सांगतो. तुझे बाबा भात स्वतःसाठी शिकलेच नाहीत. सेंट जोसेफच्या दिवशी, त्यांच्या नावाच्या दिवशी, तू अंगणात हात बांधून बसावंस, त्यांनी लाकडं फोडावीत, जाळ करावा आणि लांब होऊ नये, एवढ्यासाठी ते पोर्तुगीज झाले. तुला अचानक दाखवायचं म्हणून कोणाला बोलू देत नव्हते. मी शब्द मोडतोय, पण तू यायचंच नाही म्हणतेस तेव्हा तो शब्द जपून काय करू? ये. मी नसेन. फिनाला सांगून झालंय. सान सेबास्तियानला संध्याकाळी प्रवाशांना बारमधून बारमध्ये चाखत फिरवायचं काम मिळालं आहे, येत्या सोमवारी निघतो. तिथे सगळे उभ्याउभ्याने खातात, काडीला टोचलेला एकेक घास, ज्याचा त्याचा. मला जमेल. काकांना मी सांगितलं की पगार बरा आहे. ते म्हणाले, “पोरा, रविवारी सुट्टी असते का तिथे?” एवढंच. तू आलीस की त्यांनी दाखवेपर्यंत तुला काही माहीत नाही असंच वाग. मदतीला उठू नकोस. फक्त तांदूळ टाकण्याआधी विचार, बाबा, पाणी चाखलंत? आणि पावटे सरकले की घे, ते तुझेच होते, मी नुसते सांभाळले. छोटी कढई तुम्हा दोघांना बरोबर पुरते. त्या दिवशी मी तिथल्या एखाद्या खाणावळीत जाऊन भात मागेन. वेटर म्हणेल, किमान दोघांचा. भांडणार नाही. म्हणेन, दोघांचा आण. माझ्या बाजूने मधोमध येईपर्यंत खाईन, आणि तिथे चमचा ठेवून देईन.

तुझाच, पण तुझ्या वाटेत नसलेला,
वोरो