शरफूची पेटी कोणी उघडायची नाही

करामा, दुबई
१० सप्टेंबर

लाडक्या खैरूस,

तुझ्या आईचा, उम्माचा सलाम. आम्ही सगळे खुशाल. माझे गुडघे होते तिथेच आहेत, लिफ्ट असल्यामुळे त्यांना काम नाही एवढंच. तुझ्या सासूचा दमा कसा आहे? बरा असेल तर तिला एक सलाम सांग, वाढला असेल तर दोन.

पत्र मी सांगतेय, तुझी वहिनी रम्ला लिहिते आहे. तू फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या आळीला उम्मा ऐकवतेस, म्हणून हा कागद आपल्या गावच्या बीरानच्या हाती देतेय. तो सुटीवर गावी, तिरूरला येतोय.

तुझा निरोप पोचला. तुझ्या लेकीच्या, हिबाच्या लग्नाला इक्काने, म्हणजे तुझ्या थोरल्या भावाने, माझ्या शरफूने, जाड ब्लँकेटं आणायची, जावयाला घड्याळ, व्याह्यांकडच्या बायकांना अत्तर. आणि जावयाला व्हिसासुद्धा! वर विचारतेस, "तिथं असं काय गोड लागलंय, की इक्का घराकडे फिरकत नाही?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. म्हणून बोलायला रम्लाला मध्ये घालून लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत सुटले, बाबा, तू इथे का आलास? इजिप्तची मास्तरीण म्हणाली, "शाळा चांगल्या, रात्री एकटी फिरले तरी भीती नाही." एक लठ्ठ माणूस म्हणाला, "पगारावर कर नाही." गोरा म्हणाला, "ऊन आवडतं!" अरे, ऊन खायला एवढ्या लांब कशाला आलास? माझ्या अंगणात मिरच्यांशेजारी वाळत घातलं असतं तुला.

शेजारची मारिसेल नर्स आहे, फिलिपिन्सची. तीही म्हणाली, "रस्ते स्वच्छ, आजी." मी म्हटलं, "रस्ते झाडायला आलीस का? खरं बोल." तिनं मला घरात नेलं. कोपऱ्यात माणूस मावेल एवढी पुठ्ठ्याची पेटी, अर्धी भरलेली. साबण, डबे, मुलाचे बूट. म्हणाली, "ही भरली की गावी पाठवायची. मग दुसरी भरायला घ्यायची. बूट अंदाजानं घेते. त्याचं पाऊल आता केवढं झालंय, मला ठाऊक नाही."

खैरू, आपण तरी काय वेगळं करतो? मागच्या खेपेला शरफू आला तेव्हा ओसरीवर चटया अंथरून आळी गोळा केली होतीस. पोरानं पाणी मागितलं, तर म्हणालीस, "आधी पेटी उघड, इक्का!" तुझ्या सासूनं ब्लँकेट दोन बोटांत चिमटून पाहिलं आणि म्हणाली, "यंदा पातळ आणलंय." पेटीतली सुतळीसुद्धा वाटली गेली. दाराबाहेर त्याच्या चपला होत्या, तळ झिजून गेलेल्या. त्या कोणी चिमटून पाहिल्या नाहीत.

लिही रम्ला, थांबू नकोस. तुला वाटतं म्हातारीला कळत नाही. मला अक्षर येत नाही, नाक येतं. ऑफिसातून येणाऱ्याच्या शर्टाला गार हवेचा वास असतो. रमजाननंतर शरफूच्या कॉलरवर घामाचं मीठ चढतंय. रोज टाय बांधून निघतो, उन्हात दारोदार नोकरी विचारत फिरतो, आणि घरी येऊन सांगतो, "आज मीटिंग लांबली, उम्मा." मी म्हणते, "तुमच्या मीटिंगवर छप्पर घाला रे बाबा." तो हसतो, रम्ला हसते, मीही हसते. तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय.

रम्ला रडायला लागली, म्हणून आम्ही जरा थांबलो होतो. कागद भिजला तर तुला अक्षर लागायचं नाही.

शरफूची नोकरी गेली आहे, खैरू. त्याला घरी यायचंय. पण रिकाम्या हातानं ओसरी चढण्यापेक्षा तो इथे उन्हात वाळून जाईल. अशा माणसाकडे तू घड्याळ मागतेस! लाज वाटू दे. तुला वाटेल, आळीला वाटणार नाही, म्हणून आळीची सोय मी केली आहे.

लग्नाला मी त्याच्याबरोबर येतेय. पेटीही येईल, चांगली मोठी, सुतळीनं करकचून बांधलेली. त्यात माझी जुनी लुगडी, उशी आणि फाटकी चटई आहे. आळीला खुशाल बोलाव. सगळ्यांच्या देखत ती माझ्या खाटेखाली सरकव आणि सांग, ही उम्माची पेटी, उम्मा मेल्यावर उघडायची. तुझी सासू त्या दिवसापासून माझ्या तब्येतीची चौकशी करू लागेल, तेवढाच फायदा.

आणि तू स्वतः दारात उभी राहा. पेटी मागाहून कोणीही उचलून आणेल. तू आधी भावाचं तोंड बघ. पाणी दे. तांदळाची गरम पत्तिरी वाढ. पोटभर खाऊ दे, काही विचारू नकोस.

खाली अंगठा माझा आहे. रम्लाच्या डोळ्यांतलं पाणी मघाशी त्याच अंगठ्यानं पुसलं, म्हणून शाई फुटली आहे. तरी ओळखशील.

तुम्हा दोघा भावंडांचीही,
उम्मा