अविनाशच्या मागोमाग दुधाला

चंडीगड, सेक्टर २०
ऑक्टोबर १९७७

तीर्थस्वरूप अक्कास,

विश्रामचा वाकून नमस्कार (जमेल तितकं वाकून, कंबर धरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? दिवाळीला येते आणि आपल्या धाकट्या अविनाशला कायमचा साताऱ्याला नेऊन डोळ्यांसमोर ठेवते, असं तू लिहिलंस. तुझी माया कळली. त्यावर येतोच, पण आधी ग्रेवालबाईंचं ऐक.

अविनाश इस्पितळातून सुटला, पण इस्पितळाने काही आम्हाला सोडलं नाही. दर मंगळवारी तिथल्या या बाई सायकलवरून घरी येतात. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, मग आहेत तरी कोण, या कुतूहलाने मला चैन पडेना. गोळ्या घेतल्यास का विचारतात, त्याच्या कानातले आवाज (अजून येतात, पण हल्ली दबकून) काय म्हणतात याची शेजारणीची करावी तशी चौकशी करतात, आणि मग त्याला घेऊन चक्क भाजी आणायला जातात! हे कसलं गं औषध? एकदा वंदनाने दिराला ताट वाढून दिलं, तर म्हणाल्या, भाभीजी, खुद लेने दीजिए. वंदना दोन दिवस घुश्शात. त्यावर कडी म्हणजे, सकाळचं दूध यापुढे अविनाश एकटा आणेल, असं बाईंनी ठरवून टाकलं.

एकटा! गेल्या साली हाच मुलगा न सांगता बसमध्ये बसून पिंजौरला गेला होता, आठवतंय ना? म्हणून पहिल्या दिवशी तोंडाला मफलर गुंडाळून मी त्याच्या मागे निघालो (बाईंचं शास्त्र काय आहे तेही बघायचं होतंच). तो बूथवर रांगेत, मी झाडाआड. दूध घेऊन तो वळला, तसा मी त्याच्याआधी घर गाठायला मधल्या गल्लीतून सुटलो. आता हे गाव तू पाहिलेलं नाहीस. इथली सरकारी घरं सगळी एका साच्यातली, तीच वीट, तीच जाळी, तेच दार. आत शिरलो, चपला काढल्या, खाटेवर बसलो आणि चहा टाक गं म्हणून ओरडलो. आतून आली ती वंदना नव्हे, लाटणं घेतलेली धिप्पाड सरदारीण!

चोर चोर म्हणून गल्ली गोळा झाली. मला मेलं हिंदीही सुचेना. इतक्यात दुधाचा डबा घेऊन अविनाश गर्दीतून पुढे आला. त्याने डबा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, ये मेरे भैया हैं, घबरा गए हैं, ज़ोर से मत बोलिए. मग माझ्याजवळ बसून विचारलं, दादा, सकाळपासून काही खाल्लंस का? (प्रश्न ग्रेवालबाईंचा, सूरही त्यांचाच.) अक्का, मला हसू आलं आणि रडूही. सरदारणीने लस्सी पाजली, आणि अविनाशने मला हाताला धरून घरी आणलं.

बाईंचं काम काय, ते मला अजून नीट सांगता यायचं नाही. भावजींना नमस्कार.

तुझा,
विश्राम

ता. क. : दिवाळीला जरूर ये, पण त्याला न्यायला नको. तिथे तू त्याला माजघरात बसवून भरवशील, आणि दूध आण म्हणून कोणी सांगणार नाही. एवढं माझं ऐक.

आणखी ता. क. : तुला स्टँडवरून आणायला अविनाश येणार आहे. मीही येतो म्हटलं, तर म्हणाला, ये, पण माझा हात सोडायचा नाही.