मी स्पर्धेला, निखिल दुखानला

१८ जानेवारी, दुखान (कतार)
निखिल अजून पोलीस स्टेशनातच. सकाळी डबा घेऊन गेले, आत घेतला नाही. खिडकीतला माणूस तसा चांगला. "बुक्रा, इन्शाल्ला" म्हणाला. उद्या. कालही उद्याच होतं.
परवाचं एकदाच लिहून टाकते. सरावाला मी चाकांच्या रोलर स्कीवर पुढे, नि. नेहमीसारखा मागे गाडीत, हळू, दोन्ही इंडिकेटर चालू. चढ संपला तसा मी पाण्यासाठी हात वर केला. मला गाठायला त्याने वेग घेतला आणि उजवीकडच्या कच्च्या रस्त्यावरून सायकल आली. मी पाहिलं नाही, फक्त आवाज. वळले तर नि. गाडीतून उतरून पळत होता. माझ्या पायांत चाकं. पळता येईना. भर रस्त्यात बसून बूट सोडवत राहिले.

२० जानेवारी
नि. सुटला. घरी आला, आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि झोपला. पण केसचा निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. पासपोर्ट घरातच आहे, कपाटात. विमानतळावरचा कॉम्प्युटर अडवणार.
त्या सायकलवाल्याचं नाव माणिक. पाईप फिटर, परभणीकडचा. डोक्याला मार, शुद्ध नाही. केस त्याच्या जबाबावर अडलेली.
संध्याकाळी नि. म्हणाला, "पडल्या पडल्या तो 'आई गं' म्हणाला, केतकी. तेव्हा मला कळलं, आपला आहे." 

२२ जानेवारी
कोच सरांचा फोन, युरोपातल्या हिवाळी स्पर्धेच्या कॅम्पवरून. टीमबरोबर ते महिनाभर आधीच गेलेत. "केतकी, हाँ या ना, दो दिन में बता. तेरी जगह कोई दूसरी नहीं है."
खरंच नाही. क्रॉस-कंट्री स्कीइंगला आपल्या देशातून बायकांत मी एकटी. मनालीला गिर्यारोहणाच्या कोर्सला गेले होते, तिथे पहिल्यांदा स्की बांधल्या. मग लग्न, मग दुखान. वर्षातून थोडे दिवस बर्फ, बाकी सगळं इथलं डांबर. उन्हाळ्यात पहाटेसुद्धा अंगातून पाणी निथळायचं. आणि मागे नि., ऑफिसच्या आधी, एकही दिवस न कुरकुरता.
तिकीट दोन तारखेचं.

२४ जानेवारी
दोह्याला हॉस्पिटलमध्ये गेले. एकटीच. नि. गाडीला हात लावत नाही, बरोबर यायलाही तयार नाही.
आयसीयूबाहेर माणिकचा भाऊ बसलेला. बालाजी. द पर्ल या श्रीमंत वस्तीत एका कुटुंबाकडे ड्रायव्हर आहे, सुट्टी मिळेल तेव्हा येतो. मी मराठीत बोलल्यावर त्याचा चेहरा उजळला. मग मी कोण ते सांगितलं.
त्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं. मग, "कव्हा उठन ते डाक्टरलाबी सांगता यीना."
मी माफीचं काहीतरी बोलायला लागले. ऐकून घेतलं त्याने.
"माफ करणारा मी कोन, ताई? त्यो उठल. त्यालाच इचारा."
बरोबर होतं. मी पिशवीतली सफरचंदं खुर्चीवर ठेवली. त्याने ती परतही केली नाहीत आणि उचललीही नाहीत.

२६ जानेवारी
रस्त्यावर जाववत नाही. नि.च्या कंपनीच्या वसाहतीत, कुंपणाच्या आतल्या रस्त्यावर रोलर स्की. क्लब, शाळा, दुकान, परत क्लब. पार्क केलेल्या गाड्यासुद्धा नकोशा. समोरच्या बंगल्यातल्या बाई पडदा सरकवून बघतात. काल त्यांनी हात केला होता, आज नाही.
गॅलरीच्या कठड्याला रबर बांधून हातांचा व्यायाम. रबर ओढायचं, सोडायचं, समोर भिंत.
कोच सरांना हो कळवलं. नि.ला विचारून. "जा," म्हणाला, फोनमधून डोकं वर न काढता.

२८ जानेवारी
सासूबाईंचा पुण्याहून फोन. आवाज चढवला नाही, त्यांची ती पद्धतच नाही.
"त्याला एकट्याला ठेवून जाणार?"
"तोच जा म्हणतोय, आई."
"तो म्हणणारच गं. लहानपणापासून तसाच आहे. तुला कळायला नको?"
फोन ठेवल्यावर मेथी निवडायला घेतली. सगळी निवडून झाली, मग लक्षात आलं, पानं कचऱ्यात आणि काड्या ताटात.

३० जानेवारी
आज बोललो. शेवटी.
मी म्हटलं, नाही जात. हात मी वर केला होता, मग तू एकट्यानेच का अडकायचं?
नि. इस्त्री करत होता. माझेच कपडे. म्हणाला, "तू गेलीस तर मला राग येईल. नाही गेलीस तर जास्त येईल."
"मग मी करू काय?"
"मला माहीत नाही. मला हे ठरवायला लावू नकोस."
इस्त्री बंद करून बाहेर गेला. वसाहतीबाहेर जात नाही हल्ली, कुंपणाच्या आतच फिरतो. जाळीपलीकडे वाळवंट आणि तेलाच्या विहिरी. लांबून मला तो दिसत होता.

२ फेब्रुवारी, विमानतळ
ऑफिसच्या ड्रायव्हरने सोडलं. नि. बरोबर आला. स्कीची लांब बॅग त्यानेच ट्रॉलीवर चढवली. पासपोर्टच्या रांगेपर्यंत आला, पुढे त्याला येता येत नाही. हे दोघांनाही माहीत होतं, तरी तो काचेपाशी थांबून राहिला.
शिक्का बसला. इतका सोपा. मला वाटलं होतं मलाही कुणीतरी अडवेल. अडवावं, असंही वाटलं होतं का...

८ फेब्रुवारी, खेळाडूंचं गाव
खोली छान, खिडकीत डोंगर. मी फोनला बांधलेली. नि. दिवसातून एकदा फोन करतो, तब्येतीचं विचारतो, ठेवतो. माणिक तसाच.
जेवणाच्या हॉलमध्ये नॉर्वेची एक मुलगी समोर येऊन बसली. कुठे राहतेस? कतार, म्हटलं. हसली, वाळूवर स्की करतेस का? मीही हसले. एरवी सगळं सांगितलं असतं, डांबर, ऊन, मागची गाडी. आज मागच्या गाडीचं सांगता येईना. उठले.

१३ फेब्रुवारी
झाली रेस.
दहा किलोमीटर, एकेक करून सोडतात. पहिल्या फेरीत पाय शिशाचे. दुसऱ्यांदा मोठ्या चढाला लागले तेव्हा मागून एकजण पुढे गेली, मग दुसरी. मी त्यांच्या काठ्यांकडे बघत राहिले आणि कधीतरी लय सापडली. फक्त श्वास आणि बर्फाची करकर. चढ संपला, उतार लागला, डोळ्यांत वारा.
तळाशी आले तेव्हा जाणवलं, मघापासून मला निखिल आठवला नव्हता. माणिकही नाही. कुणीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
शेवटून चौथी आले. कोच सरांनी मिठी मारली, त्यांच्या मते माझी आजवरची सगळ्यात चांगली रेस. नि.ने घरी टीव्हीवर पाहिली. फोनवर म्हणाला, "शेवटच्या उतारावर मस्त दिसत होतीस." 
त्या उताराचं त्याला सांगितलं नाही. कसं सांगू?

१६ फेब्रुवारी, दुखान
परत. नि.ने पोहे करून ठेवले होते. दाढी वाढली आहे.
"तिथे कसं वाटलं?"
"थंडी होती," म्हटलं.
दुपारी बालाजीचा फोन. "उठला, ताई. कालपासून बोलतोय. तुमच्या मालकांना घेऊन या म्हणतोय." आवाजावरून काही कळेना, बोलावणं कशासाठी ते.

१७ फेब्रुवारी
मी गाडी चालवली. नि. शेजारी, हात मांडीखाली दाबून. अपघाताच्या जागेवरून जाताना आम्ही दोघं सरळ समोर बघत होतो.
माणिकला वॉर्डात हलवलंय. डोकं भादरलेलं, वाटलं होतं त्यापेक्षा तरुण. बालाजी म्हणाला, फक्त मालकांनाच बोलावलंय. नि. आत गेला. दारातून मला त्याची पाठ दिसत होती. खुर्ची असून बसला नाही, वाकून उभा राहिला. माणिकचा आवाज फार बारीक असणार, कारण नि.ने कान अगदी त्याच्या तोंडाजवळ नेला.
नर्सने बाहेर जायला सांगेपर्यंत तसाच.
पार्किंगमध्ये विचारलं, "काय म्हणाला?"
"गावचं विचारत होता. आपण कुठले, घरी कोण कोण. उद्या पोलीस येणार आहेत, त्यांना सगळं सांगतो म्हणाला."
"काय सांगणार आहे?"
नि.ने पट्टा लावला. "मी नाही विचारलं, केतकी."
मी गाडी सुरू केली.